किराण्याची पर्ची आणि गेडिस साहेबांची मिरवणूक

स्मरणिका समितीचा निरोप आला, "काका, तुम्ही दरवर्षी होळकरांवर लिहिता, यंदा काही वेगळे द्या." वेगळे काय द्यावे या विचारात कपाट आवरत होतो, तेव्हा जुन्या पासबुकात घडी करून ठेवलेला एक कागद हाती लागला. शाळेच्या वहीचे फाडलेले पान. त्यावर मुलीच्या वळणदार अक्षरात, हिंदीत, नऊ जिनसांची यादी. सात जिनसांपुढे बरोबरची खूण, दोन जिनसांपुढे फुली. वर तारीख, १७ एप्रिल २०२०.

आम्ही इंदूरची मराठी माणसे यादीला सर्रास 'पर्ची' म्हणतो. पुण्याचे पाहुणे हसतात, हसोत. त्या वर्षी या शब्दाला आमच्या गल्लीत जी किंमत आली, ती दुसऱ्या कुठल्या शब्दाला आली नाही. तेव्हा यंदा होळकरांना थोडे बाजूला ठेवून (अगदी बाजूला नाही, पुढे त्यांचे राज्य येणारच आहे) या पर्चीचाच इतिहास सांगतो.

२२ मार्च २०२० चा रविवार जनता कर्फ्यूचा होता. दिवसभर शहर चिडीचूप, आणि संध्याकाळी थाळ्या वाजवायची वेळ झाली तशी राजवाड्यावर जत्रेसारखी गर्दी लोटली. इंदूरच्या उत्साहाला कधी कधी वेळेचे भान राहत नाही, हे आपणा सर्वांना ठाऊकच आहे. २५ तारखेला गुढीपाडवा. त्याच दिवशी देशभरची टाळेबंदी सुरू झाली, आणि इंदुरात रुग्ण सापडल्याची बातमी येऊन कर्फ्यू लागला. आमच्या घरी गुढी उभारली खरी, पण कडुलिंबाचा पाला आणायला गल्लीच्या टोकापर्यंत जावे की नाही यावर अर्धा तास चर्चा झाली. ३० मार्चपासून तर किराणा आणि भाजीची दुकानेही बंद झाली. दूध आणि औषधे एवढेच काय ते चालू.

आमच्या इमारतीत आणि शेजारच्या दोन घरांत मिळून एकोणीस चुली. त्यातल्या सहा घरांत फक्त म्हातारी माणसे. मुले पुण्याला, बंगळूरला, एक अमेरिकेला. एरवी मुलगा तिकडून मोबाइलवर सामान मागवायचा आणि इकडे दारात पिशवी यायची. आता ती सोय बंद. समोरच्या आजींचे वय ऐंशीच्या पुढे, रामनवमी २ एप्रिलला, आणि घरात साबुदाणा नाही. तरुण माणसांना याचे हसू येईल, पण ज्या बाईने साठ वर्षे रामनवमीचा उपास मोडला नाही, तिच्या लेखी ती टंचाईच होती. माझे स्वतःचे वय तेव्हा त्रेसष्ट. म्हणजे ज्यांनी घराबाहेर पडू नये असे सरकार बजावत होते, त्यांच्यात मीही मोडत होतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नगर निगमने एक युक्ती काढली. कचरा गाडी तर रोज प्रत्येक दारात येतेच. तिच्यावरच्या माणसाने सकाळी कचऱ्याबरोबर किराण्याच्या पर्च्या घ्यायच्या, त्या भागात नेमून दिलेल्या दुकानाकडे पोहोचवायच्या, आणि दुकानाने सामान घरपोच करायचे, पैसे सामान आल्यावर. ८५ वॉर्डांच्या शहरात प्रत्येक दार ठाऊक असलेली दुसरी यंत्रणा नव्हती. पोस्टमनही रोज प्रत्येक घरी जात नाही, कचरा गाडी जाते. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर आला की आपण फटाके उडवत होतो, पण त्या नंबरासाठी उभी केलेली यंत्रणा कधी तेल-मीठ पुरवायला उपयोगी पडेल, असे कुणाच्या स्वप्नातही आले नसेल.

आमच्या गल्लीत हे काम वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने आणि मी वाटून घेतले. तो घरोघरी जिन्यातून हाक मारायचा, मी खाली ओट्यावर बसून पर्च्या नीट लिहून काढायचो, कारण म्हाताऱ्यांचे अक्षर दुकानदाराला लागेना. 'हिंग पाव किलो' असे एका पर्चीवर वाचून मी परत विचारायला पाठवले, तेव्हा कळले की काकांना पाव तोळा म्हणायचे होते. सकाळी गाडीचे गाणे ऐकू आले की मी सगळ्या पर्च्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून फाटकाला अडकवून ठेवायचो. गाडीवरचा भैया हात लांब करून पिशवी काढायचा आणि म्हणायचा, "बाबूजी, आज कितनी पर्ची?" सामान कधी दुसऱ्या दिवशी यायचे, कधी चौथ्या. तूरडाळ मागितली तर मूगडाळ येई. तक्रार कुणी केली नाही, असे मात्र म्हणणार नाही. आपली माणसे तक्रार केल्याशिवाय डाळ शिजवत नाहीत.

पैशांचा प्रश्न मोठा गमतीचा. नोटांना हात लावायला सगळे घाबरायचे. कुणी नोटा इस्त्रीखाली धरी, कुणी डेटॉलच्या पाण्यात बुडवी. तेव्हा मला एका इंग्रजी खेड्याची आठवण झाली. डर्बीशायरमधले ईम. १६६५ साली लंडनहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्याबरोबर तिथे प्लेग शिरला असे सांगतात. पुढच्या उन्हाळ्यात तिथल्या विल्यम मॉम्पेसन या पाद्र्याच्या सांगण्यावरून गावाने स्वतःलाच कोंडून घेतले, म्हणजे रोग आसपासच्या गावांत जाऊ नये. मग खायचे काय? शेजारच्या गावांतले लोक शिवेवरच्या दगडाजवळ धान्य ठेवून जात. दगडाला भोके पाडलेली होती, त्यांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी टाकून ठेवायची. डेव्हनशायरच्या अर्लनेही सामान पुरवले. गावातली सुमारे २६० माणसे गेली. तो भोकांचा दगड अजून तिथे आहे. आमच्या फाटकाजवळची डेटॉलची वाटी त्याच वंशातली, हे मी विद्यार्थ्याला सांगितले तर तो म्हणाला, "काका, व्हिनेगर तरी बरे, याने नोटेचा रंग जातोय."

आपल्याकडे साथ आणि किराणा यांचे नाते याहून कडू आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगचा पहिला रुग्ण डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला तो मांडवीत, आणि मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या गोदामांची वस्ती. जिथून मुंबईला दाणा जायचा तिथेच उंदीर मरू लागले. उंदरांवरच्या पिसवांमधून रोग पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये दाखवले, तोवर कुणाला नेमके कारण माहीत नव्हते. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. तोच कायदा २०२० मध्ये आपल्यावरही लागू होता. पुण्यात त्या कायद्याखाली घरे तपासली गेली, रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेऊन ठेवले गेले. रँडची ती हकीकत आणि २२ जून १८९७ ची रात्र आपल्या सर्वांना शाळेपासून पाठ आहे. जी पाठ नाही, ती छावणीतल्या चुलीची. छावणीत नेलेला माणूस आजारी नसे, पण त्याची मजुरी बुडालेली असे. लोकमान्य टिळक तेव्हा पुणे सोडून गेले नाहीत. त्यांनी वर्गणीतून हिंदू प्लेग इस्पितळ उभे केले आणि विलगीकरणाच्या छावणीत मोफत अन्नछत्र चालवले. सार्वजनिक गणेशोत्सव सुरू होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. आपण उत्सवाचे जनक म्हणून त्यांच्या तसबिरीला हार घालतो, तेव्हा त्या चुलीचा उल्लेख सहसा कुणी करत नाही. मीही आजवर केला नव्हता.

आता आपल्या इंदूरकडे येऊ. प्लेगने इंदूरलाही सोडले नव्हते. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत, १९१७-१८ च्या सुमारास, पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश गृहस्थ नगररचनेचा आराखडा करायला इंदुरात आले. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, दाढी अस्ताव्यस्त, आणि हातात नकाशा घेऊन गल्ल्यांतून पायी फिरायची सवय. लोकांनी पाहिले, साहेब नकाशावर खुणा करतो आहे, आणि गावात प्लेग आहे. दोन आणि दोन चार झाले. हाच तो प्लेग आणणारा साहेब, म्हणून त्याला पाहताच लोक घाबरू लागले. १ एप्रिल २०२० ला आपल्याच शहरात टाटपट्टी बाखलला तपासणीसाठी गेलेल्या आरोग्य पथकावर दगड पडले, तेव्हा टीव्हीवर सगळे एका वस्तीला नावे ठेवत होते. मला शंभर वर्षांपूर्वीचा तो नकाशावाला साहेब आठवत होता. भीती कुठल्या एका वस्तीची नसते. त्या पथकातल्या डॉक्टर बाई मात्र लगेच पुन्हा तिथेच कामाला गेल्या, हेही लिहून ठेवले पाहिजे.

गेडिस यांनी यावर जो उपाय केला तो इतर कुठल्या नगररचनाकाराने केल्याचे माझ्या वाचनात नाही. त्यांनी दरबाराकडे एका दिवसाचे 'महाराजपद' मागून घेतले आणि दिवाळीच्या मिरवणुकीची सूत्रे हाती घेतली. जाहीर करण्यात आले की यंदा मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या भागातली घरे आणि गल्ल्या सर्वांत स्वच्छ आणि दुरुस्त झालेल्या दिसतील, त्या रस्त्याने जाईल. झाले! घराघरांतून कचरा निघू लागला, उंदीर पकडले जाऊ लागले, भिंतींना चुना लागला. लक्ष्मी आपल्या दारावरून जावी असे कुणाला वाटणार नाही?

मिरवणुकीत हत्ती-घोडे होतेच. शेतीचे आणि पिकांचे देखावे होते. मग रोगराईचे राक्षस, घाणीचा राक्षस, अवाढव्य उंदीर, अक्राळविक्राळ डास. त्यांच्या मागोमाग शहराचे सफाई कामगार. गाड्या नव्याने रंगवलेल्या, बैलांची शिंगे रंगवलेली, माणसांच्या अंगावर पांढरेशुभ्र कपडे, डोक्यावर नवी पागोटी, गळ्यात फुलांचे हार, हातात झाडू. त्यानंतर लक्ष्मी, आणि तिच्यामागे नव्या इंदूर शहराची देवी. शेवटी तुळशीची रोपे लावण्यासाठी मातीची भांडी वाटण्यात आली आणि उंदराच्या राक्षसाचे दहन झाले. त्यानंतर प्लेग ओसरला म्हणतात. हे वर्णन मुख्यतः गेडिस यांनीच पुढे सांगितलेले आहे आणि आपल्या मिरवणुकीविषयी सांगताना कोणता माणूस हात आखडता घेतो? शिवाय ऋतूही बदलतच होता. पण त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये निघाला, तो आजही वाचायला मिळतो, आणि खान व सरस्वती नद्यांविषयी त्यात जे लिहिले आहे ते वाचून आजच्या माणसालाही खाली मान घालावी लागते.

अनंत चतुर्दशीला आपल्याकडे मिलच्या झांक्या निघतात. गिरण्या बंद पडून कित्येक वर्षे झाली, तरी कामगारांनी झांक्या बंद पडू दिल्या नाहीत. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी त्या रात्र-रात्र पाहिल्या. पुढे गेडिस यांच्या मिरवणुकीचे वर्णन वाचले आणि वाटले, या शहराला चालते देखावे बनवायची खोड फार जुनी आहे. दोहोंचा थेट संबंध असल्याचा पुरावा माझ्याकडे नाही. वाटले ते सांगितले. पण त्या मिरवणुकीतला सफाई कामगारांचा ताफा मात्र मनात अडकून राहिला होता. हार घातलेला एक दिवस. दुसऱ्या दिवशी ते हार उतरल्यावर त्या माणसांच्या घरी काय शिजले, हे कुठेही लिहिलेले नाही.

आता माझ्या दोन चुका सांगतो.

आमच्या इमारतीच्या मागच्या खोलीत एक ताई राहतात. त्या विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये पोळ्या लाटायच्या. मेस बंद, विद्यार्थी गावी. त्यांची पर्ची आली, त्यावर दोनच जिनसा, मीठ आणि चहापत्ती. मी ओट्यावरून सर्वांसमोर मोठ्याने म्हणालो, "ताई, एवढेच? अहो, गाडी रोज थोडीच सामान आणते, नीट लिहा की!" ताई काही बोलल्या नाहीत, खिडकी लावून घेतली. निगमचे सामान घरपोच होते, पण फुकट नव्हते, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नाही. त्या महिन्यापासून रेशन कार्डावर माणशी ५ किलो धान्य आणि कुटुंबामागे १ किलो डाळ मोफत मिळणार होती. पण ताईंचे कार्ड बऱ्हाणपूरकडच्या गावचे. रात्री बायकोने मला सुनावले, "चाळीस वर्षं बँकेत लोकांचे पैसे मोजलेत, समोरच्या माणसाकडे ते नाहीत हे कळत नाही तुम्हाला?"

त्यानंतर आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीची फोनवर बैठक झाली. आदल्या वर्षीच्या वर्गणीतली शिल्लक होती. ती ढोल-ताशासाठी राखलेली आहे, असे एकाचे म्हणणे. कोषाध्यक्ष म्हणाले, हिशेबात हे कुठल्या खाती दाखवायचे? वाद बराच रंगला, आवाज चढले, एकाने फोन ठेवून दिला. अखेर ठरले की पर्ची सर्वांची सारखीच जाईल, सामानही सारखेच येईल, ज्याचे पैसे मंडळ देणार त्याचे नाव फक्त दुकानदार आणि कोषाध्यक्ष यांना माहीत असेल. ताईंच्या पर्चीवर पुढे सात-आठ जिनसा येऊ लागल्या. माझ्याशी त्या पुन्हा नीट बोलायला लागल्या त्या दिवाळीनंतर. २२ ऑगस्टला गणपती बसले तेव्हा सार्वजनिक मांडवाला परवानगी नव्हती, एका सभासदाच्या घरी शाडूची लहान मूर्ती बसवली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही झांक्या निघाल्या नाहीत. ढोल-ताशाचा खर्च झालाच नसता, हे त्या वाद घालणाऱ्या सद्गृहस्थांनी नंतर स्वतःच कबूल केले.

दुसरी चूक त्या भैयाबद्दलची. गाडीचे गाणे मला तोंडपाठ होते. तो माणूस आमच्या दारात तीन-चार वर्षे रोज येत होता, आणि पर्च्या सुरू होऊनही दहा-बारा दिवस झाले होते. १६ एप्रिलच्या सकाळी समोरच्या आजींनी वरून विचारले, "अरे भैया, सगळ्यांचं सामान तू नेतोस-आणतोस, तुझ्या घरचं कोण बघतं रे?" तो हसला. म्हणाला, "माँजी, हमारे यहाँ गाड़ी आती है तब मैं यहाँ रहता हूँ।" घरात म्हातारी आई आणि दोन मुली. बायको दुसऱ्या झोनमध्ये झाडूकाम करणारी, तीही पहाटेच बाहेर. मुलींनी दाराबाहेर पडायचे नाही अशी त्याची ताकीद. त्यांच्या वस्तीत पर्च्या गोळा करणारा गल्लीतला कुणी रिकामटेकडा बाबूजी नव्हता. त्या सकाळी मी त्याला पहिल्यांदा नाव विचारले. ते इथे छापत नाही, कारण छापू का असे त्याला विचारलेले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने खिशातून वहीचे पान काढून दिले, मुलीने लिहिलेले. आटा, चावल, तेल, शक्कर, चायपत्ती, साबण, हल्दी, मूंगफली, अगरबत्ती. मी ते आमच्या पर्च्यांत घातले. सामान तिसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर आले आणि दुसऱ्या सकाळी त्याने गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवून नेले, पैसे मोजून दिले. मंडळाकडून घ्या म्हटले तर नको म्हणाला, पगार चालू आहे. दुकानदाराने खुणा केलेली पर्ची पिशवीबरोबर परत आली, ती माझ्याकडेच राहिली.

फुली आहे ती शेंगदाण्यांपुढे आणि उदबत्तीपुढे. पुढे असेच तीन वेळा सामान आणून दिले, पण त्या दोन वस्तू पुन्हा कुणाच्याच पर्चीवर मिळत नव्हत्या. मे महिन्यात त्याची गाडी दुसऱ्या वॉर्डात गेली. आता आमच्याकडे दुसरा मुलगा येतो. त्याचे नाव मी पहिल्याच आठवड्यात विचारले.